३३ टक्क्यांच्या अलीकडचं वावर: पंचनाम्यात काय लिहू?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यात कृषी सहायक आहे. पाटीवर आता 'सहायक कृषी अधिकारी' झालंय, पण गावात अजून 'कृषीवाल्या ताई'च. गावाचं नाव सांगत नाही, उद्या हाच धागा तिथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायचा.

आमच्या महसूल मंडळात अतिवृष्टीची नोंद झाली, म्हणजे एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. मग पंचनाम्यांचा आदेश आला. तलाठी, ग्रामसेवक आणि मी, तिघांनी वावरात जायचं, नुकसानीची टक्केवारी लिहायची, शेतकऱ्याची आणि पंचांची सही घ्यायची. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत. ३२ असेल तर शून्य. कोरडवाहू कपाशीला सध्याच्या निकषाने हेक्टरी ८,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत.

दोन भावांची एकमेकांना लागून वावरं आहेत. वाटणी झालेली, बांध एकच. धाकट्याचं वावर खालच्या अंगाला, भारी काळी जमीन, पाणी तीन-चार दिवस तुंबलेलं. तिथे ४५ टक्के लिहायला मला कसलीच शंका नाही. थोरल्या आबांचं वरच्या अंगाला, थोडी मुरमाड. त्यांचं पीकही बसलंय, पण तेवढं नाही.

मी मोजते कशी ते सांगते. चार कोपरे आणि मध्य, प्रत्येक ठिकाणी पाच झाडं. प्रत्येक झाडावरच्या चांगल्या कैऱ्या (कपाशीची हिरवी बोंडं), सडलेल्या कैऱ्या, गळालेल्या पात्यांच्या, म्हणजे कळ्यांच्या, खुणा. मग त्याच वावरात उंचवट्यावर जी झाडं धड उभी आहेत, त्यांच्याशी तुलना. आबांच्या वावरात आकडा आला २९. दुसऱ्या बाजूने चालत गेले तर ३१. खरं सांगायचं तर कपाशीत आज जे दिसतं ते आठ दिवसांनी तसं राहत नाही. पाणी साचून एकदम माना टाकलेली झाडं, ज्याला आपण आकस्मिक मर म्हणतो, वेळेत चर काढून पाणी वाहतं केलं आणि बुडाशी युरिया नि कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी केली तर त्यातली बरीच पुन्हा उभी राहतात. काही उभी राहतील असं वाटतं आणि वाळून जातात. म्हणजे माझे २९ हे त्या दुपारचे २९.

आबा चिडले नाहीत. बांधावर उभं राहून एवढंच म्हणाले, "ताई, पानी काय बांध दखीसन पडनं का?" त्यांच्या घरच्या काकू मात्र म्हणाल्या, "लिखी टाक ना माय, तुना खिसामाईन थोडंच जाई राह्यनं?"

घरी येऊन मी हिशेब मांडला. हेक्टरी १५ क्विंटल धरा. त्याचे २९ टक्के गेले तर सव्वाचार क्विंटलच्या वर कापूस गेला. क्विंटलला ७,५०० धरला तरी ३२,००० च्या वर जातं. आणि मिळणार किती, तर ८,५००, तेही आकडा चारने वाढवला तर. म्हणजे मी फार मोठी खैरात वाटतेय असंही नाही.

आमचे तलाठी भाऊसाहेब म्हणतात, शिवाराला सरसकट ३५ लावा, तक्रार नाही, भांडण नाही, गाव एक राहील. माणूस लबाड नाही, पैसे मागणारा तर मुळीच नाही. त्यांचं म्हणणं, नजर अंदाजाला कसले आलेत २९ नि ३३?

माझ्या यादीत २८ ते ३२ मध्ये अडकलेली अशी बरीच वावरं आहेत. आबांना ३४ लिहिलं तर खोटं लिहिलं असं होतं का? आणि २९ लिहिलं तर ज्या मोजणीवर माझाच पुरता भरवसा नाही, तिच्या आड लपल्यासारखं होतं का?

आणखी एक अडचण. एक बाई निमबटाईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, चार एकर करते. सातबारा ज्यांच्या नावावर ते सुरतला असतात. नुकसान स्पष्ट आहे, ६० च्या पुढे. पण पैसे सुरतच्या खात्यात जाणार. बियाणं तिचं, निंदणी तिची. पंचनाम्यात तिचं नाव लिहायला रकानाच नाही. कुणाला काही वाट माहीत आहे का?

यादी सोमवारी द्यायची आहे.

---

केळीचा_खुंट

ताई, मी चोपड्याकडचा. कापूसही आहे, केळीही आहे. तुम्ही वीस-पंचवीस झाडं मोजता हे वाचून आधी विश्वासच बसला नाही. आमच्याकडे पंचनामा म्हणजे मोटरसायकल रस्त्यावर, एक पाय खाली, आणि "हं, काय पेरलंय?" एवढाच. कधी तर ग्रामपंचायतीत बसूनच.

म्हणून आधी आमच्या बाजूचं ऐका. ज्याचं वावर रस्त्याला लागून आहे त्याचं नुकसान जास्त असतं, हे तुम्हाला माहीत आहे का? पावसाने नाही, नजरेने. आतल्या अंगाच्या वावरापर्यंत चिखल तुडवत कोण जातो? ज्याचा पोरगा पुढाऱ्याच्या गाडीत फिरतो त्याचंही जास्त असतं. तेव्हा तुमच्या आबांना ३४ मिळाले म्हणून मला वाईट वाटणार नाही. मला राग येतो तो शेजारच्याला न मोजता ४० मिळतात याचा.

मला नाही म्हणा, चालेल. पण झाडं मोजून नाही म्हणा, माझ्यासमोर म्हणा, आणि बाकीच्यांची मोजली तशीच माझी मोजा.

दुसरं. माणूस नको, यंत्र बसवा, असं म्हणणारे इथे आता येतीलच. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. तिथे माणूस नाहीच. हिवाळ्यात मंडळाच्या हवामान केंद्रावर पारा सलग ३ दिवस ८ अंशांपर्यंत किंवा त्याखाली गेला तर भरपाई, नाहीतर नाही. माझा बाग तापीच्या अंगाला खोलगट जागेत. केंद्र उंचावर, गावाजवळ. माझ्या बागेत पानं करपतात, कमळ (केळफूल) अडकतं, घड नीट निसवत नाही, आणि तिकडे केंद्रावर आकडा ८ च्या वर. अर्ज करून पाहिला, उत्तर एकच: नोंद नाही. यंत्राला ओळखपाळख नाही हे खरं, पण त्याला बांधावर उभं करून विचारता येत नाही. तुमच्याशी आबांना बोलता तरी आलं.

---

सरळ_रेघ

मी शहरात नोकरी करतो, वडील धरणगाव तालुक्यात शेती करतात. ताई, एवढा विचार कशाला? ३५ लिहा आणि मोकळ्या व्हा. सरकारने ३३ ची रेघ काय शेतकऱ्याला विचारून ओढली? २०१५ च्या आधी ती ५० होती. तेव्हा ४० टक्के नुकसान झालेल्याला काहीच मिळत नव्हतं. पुढे कुणीतरी दिल्लीत बसून ३३ केलं. उद्या २५ करतील, मग तुमचे आबा आपोआप खरे ठरतील. माणूस तोच, वावर तेच, पाऊस तोच. म्हणजे खरं-खोटं आबांच्या वावरात नाहीच, ते शासन निर्णयाच्या कागदावर आहे.

मध्यंतरी राज्याने तीच मदत कोरडवाहूला १३,६०० आणि मर्यादा ३ हेक्टर केली होती. नंतर परत खाली आणली. तेव्हा कुणाला नीतिमत्ता आठवली? सगळी नीती गावातल्या कृषी सहायकानेच का सांभाळायची?

---

बोरीकाठची

@सरळ_रेघ, रेघ चुकीची असेल हे मान्य. पण मला रेघ ओढायला नाही पाठवलं, वावरात काय आहे ते सांगायला पाठवलंय. रेघ वाईट म्हणून मी वावराबद्दल खोटं बोलले, तर रेघ ओढणाऱ्याला कळणार कसं की ती वाईट आहे? त्याच्या टेबलावर तर सगळी वावरं ३५ चीच पोचतील.

अर्थात हे मी खुर्चीत बसून लिहितेय. बांधावर काकूंसमोर हे वाक्य तोंडातून निघालं नसतं.

@केळीचा_खुंट दादा, "मोजून नाही म्हणा" हे मनाला लागलं. आतल्या अंगाची वावरं आम्हीही शेवटी ठेवली होती, गाळ फार म्हणून.

---

निवृत्त_नाना

बेटा, मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. साक्री, शिरपूर, शेवटी शिंदखेडा. आता दोंडाईच्याला नातवंडांत असतो. तुझा प्रश्न माझ्या काळीही होता, फक्त त्याचं नाव आणेवारी होतं. नंतर पैसेवारी, म्हणजे अपेक्षित पिकाच्या मानाने शंभरात किती पीक आलं तो आकडा. गावाची पैसेवारी ५० च्या आत आली की शेतसाऱ्यात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत. ५१ आली की काही नाही. मग नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी करत करत आकडा कुठे येऊन बसायचा ते तुला सांगायला नको. वरून कुणी लेखी सांगत नसे. फोन यायचा, "नाना, यंदा गावाची परिस्थिती वाईट दिसते ना?" यातला 'ना' समजला म्हणजे झालं. पुढे २०१६ ची दुष्काळ संहिता आली, पावसाचा खंड, जमिनीतला ओलावा, पिकाची स्थिती असले निर्देशांक आले, आणि पैसेवारीचं वजन कमी झालं.

आता तुझ्या भाऊसाहेबांचं निम्मं बरोबर आहे. नजरेला २९ आणि ३३ मधला फरक दिसत नाही. कुणाच्याच दिसत नाही. तू पाच ठिकाणी मोजतेस तरी ती पाच ठिकाणं तूच निवडलीस. म्हणून मी माझ्या पुरता एक नियम केला होता. मोजून शंका राहिली तर शंकेचा फायदा कास्तकाराला. पण दोन अटींवर. पहिली, शंका खरी पाहिजे. २२ आले आणि मला दया आली, याला शंका म्हणत नाहीत. दुसरी, आबांना दिला तो फायदा त्या शिवारातल्या प्रत्येक तशा वावराला द्यायचा. त्यात माझ्याशी बोलत नाही तो आला, ज्याने माझ्यावर अर्ज केलाय तोही आला.

आणि निम्मं चूक काय, तर 'सरसकट'. सरसकटला गावात लोक टाळ्या वाजवतात. पण पुढच्या वर्षी तोच गाव येऊन म्हणतो, गेल्या साली दिलं तर यंदा का नाही? पुढाऱ्याचा माणूस येतो, त्याचं वावर तर पडीक असतं, तरी तो म्हणतो सरसकटात मला पण घ्या. एकदा आकडा तू ठरवायला लागलीस, मोजायचं सोडून, की मग त्याला 'नाही' कशाच्या जोरावर म्हणशील? माझा एक सहकारी असाच चांगुलपणाने सुरू झाला होता. माणूस सोन्यासारखा. शेवटी त्याच्याकडून कोण काय लिहून नेतं याचा पत्ता त्यालाही राहिला नाही.

काही कामाच्या गोष्टी. कोऱ्या पंचनाम्यावर पंचांच्या सह्या आधी घेऊन ठेवायच्या नाहीत, कितीही घाई असली तरी. आकडा वावरातच लिहायचा, घरी आणून नाही. कास्तकाराला तो वाचून दाखवायचा. आणि यादी वर जायच्या आधी चावडीवर वाचायची. चावडी वाचनात अर्ध्या भानगडी आपोआप निकालात निघतात, कारण कुणाचं वावर किती बुडालं हे गावाला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

सुरतच्या मालकाचं. रकाना नाही हे खरं, आणि का नाही तेही तुला ठाऊक असेल. बटाईवाल्याचं नाव सरकारी कागदावर आलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क देणारा १९४८ चा कूळ कायदा अजून लोकांच्या मनातून गेलेला नाही. त्या बाईचं नाव तू पंचनाम्यात घुसवायला गेलीस तर मालक पुढच्या साली जमीन दुसऱ्याला देईल. मी असल्या वेळी मालकाला फोन लावायचो, स्पीकरवर, सरपंच नाहीतर पोलीस पाटील शेजारी बसवून. "शेठ, पैसा तुमच्या खात्यात येतोय, बाईचं बियाणं गेलंय, निम्मे तिला द्याल ना?" गावातल्या चार माणसांनी ऐकलंय म्हटल्यावर बहुतेक जण हो म्हणतात. कायदा नाही हा, पण सुरतला गेला तरी माणसाला आखाजीला (अक्षय तृतीयेला) गावात यायचं असतं.

---

धुळ्याचा_मास्तर

अर्थशास्त्र शिकवतो. नानांच्या उत्तरात भर घालतो, थोडं रटाळ वाटेल.

ताईंच्या मूळ पोस्टमध्ये एक गोष्ट सुटली आहे. या मदतीत ३३ टक्के नुकसानीला जेवढे पैसे, तेवढेच १०० टक्क्यांना. टक्केवारी फक्त आत की बाहेर हे ठरवते, रक्कम ठरते क्षेत्रावर. म्हणजे धाकट्या भावाला ४५ ला जे मिळणार तेच त्या बटाईवाल्या बाईच्या वावराला ६० ला, आणि तेच आबांना ३३ ला. ३२ ला शून्य, ३३ ला पूर्ण. नियमाला उतार ठेवायच्या जागी कडा ठेवली की तिच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला खोटं बोलायला भाग पाडणं आलंच. शेतकऱ्यालाही आणि मोजणाऱ्यालाही. २० पासून थोडे, ५० ला जास्त, ८० ला पूर्ण असं काही असतं, तर ताईंना २९ लिहिताना हात अडखळला नसता, आणि २९ च्या जागी ३१ लिहिलं असतं तरी फरक काही शे रुपयांचाच पडला असता. माझ्या मते अनीतीचा मोठा वाटा नियमाच्या रचनेत आहे, तो ताईंच्या पदरात टाकणं अन्याय आहे. एवढ्यापुरतं सरळ_रेघ यांचं बरोबर.

पण "म्हणून ३५ लिहा" इथे मी थांबतो. कारण आकडा लिहून झाल्यावर तो मरत नाही.

याचं चांगलं उदाहरण पंचनाम्यात नाही, पीक विम्यात आहे. पीक कापणी प्रयोगात ठरलेल्या तुकड्यातलं पीक कापून गावाचं उत्पादन काढतात. त्यात कुठल्या गटातलं, कुठल्या जागेचं पीक कापायचं हे यादृच्छिक आकड्यांनी ठरतं. गावकऱ्यांना वाटतं उत्पादन कमी निघावं, म्हणजे भरपाई मिळेल. मग "साहेब, प्लॉट जरा इकडे सरकवा, तिकडचं पीक जरा बरं आहे." विमा कंपनीच्या माणसाला उलटं वाटतं, त्याला प्लॉट चांगल्या पिकात हवा. दोघांमध्ये दोरी घेऊन उभा असतो तुमच्यासारखा कर्मचारी. समजा गावाने बाजी मारली, उत्पादन कमी दिसलं, यंदा भरपाई मिळाली. पण भरपाई ज्या उंबरठा उत्पन्नाशी तुलना करून ठरते, ते निघतं मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांच्या सरासरीवरून, त्याला जोखीमस्तराने (विमा किती टक्के उत्पन्नाची हमी देतो त्या आकड्याने) गुणून. एखाद-दुसरं वाईट वर्ष त्यात गळून जातं. पण दरवर्षी प्लॉट सरकवला तर सरासरीच खाली येते, उंबरठा खाली येतो, आणि ज्या वर्षी खरोखर पीक बुडतं त्या वर्षी कागद म्हणतो, "तुमच्या गावात पिकतंच एवढं, नुकसान कुठे आहे?" ज्याने प्लॉट सरकवला तो तोवर बदली होऊन गेलेला असतो.

एक रुपयातला विमा राज्याने २०२३ ला आणला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद केला. बोगस अर्जांचा बोभाटा झाला, आणि ज्यांनी कधी खोटा अर्ज केला नव्हता त्यांनाही पुन्हा हप्ता भरावा लागला. विमा आता मुख्यतः पीक कापणीच्या आकड्यांवरच उभा आहे, तेव्हा दोरी धरणाऱ्याचा हात आणखी महत्त्वाचा झाला.

माझा स्वतःचा स्वार्थही सांगून टाकतो. हे आकडे आम्ही संशोधनाला वापरतो. विद्यार्थ्यांना नुकसानीच्या याद्या देऊन मी सांगतो, आधी २८ ते ३२ च्या ओळी शोधा. त्या सापडल्या नाहीत आणि ३३-३५ ला गर्दी दिसली, तर पुढचं गणित करूच नका. तिथे पावसाचा अभ्यास होत नाही, माणसांच्या भिडेचा होतो.

---

सरळ_रेघ

मास्तर, तुमच्या संशोधनासाठी आबांनी ८,५०० सोडायचे?

---

धुळ्याचा_मास्तर

नाही. संशोधन गेलं खड्ड्यात. पण खालच्या अंगाच्या वावरासाठी, पुढच्या वाईट सालासाठी, हो, थोडा विचार आबांनीही करावा असं मला वाटतं. माझा पगार दर महिन्याला होतो, म्हणून हे मला सोपं जातं, तेही कबूल.

---

काळा_कोट_अमळनेर

वकील आहे, थोडक्यात लिहितो.

१. पंचनाम्यावर तिघांची सही म्हणजे तिघांची जबाबदारी. 'तलाठ्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं' हा बचाव चौकशीत टिकत नाही. जाणूनबुजून खोटी नोंद हा लोकसेवकासाठी गुन्हा ठरू शकतो, हेतू दयेचा असला तरी. प्रत्यक्षात दयेच्या ३५ वर कुणी खटला भरत नाही. पण एखाद्या पुढाऱ्याशी वाकडं आलं की तोच कागद बाहेर निघतो.

२. माहिती अधिकारात पंचनामा कुणीही मागू शकतो. मोजणीची टिपणं जोडलेली असतील तर २९ सुद्धा बचाव करतात आणि ३४ सुद्धा. टिपण नसेल तर दोन्ही सारखेच उघडे.

३. आबांना आकडा मान्य नसेल तर त्यांनी तहसीलदारांकडे लेखी हरकत द्यावी, फेरपाहणी मागावी. ही गोष्ट त्यांना तुम्हीच सांगा. बहुतेक कर्मचारी सांगत नाहीत, कारण आपल्याच कामावर हरकत कोण ओढवून घेईल? माझ्या मते हेच तुमच्या कामातलं सगळ्यात सचोटीचं पाऊल ठरेल. २९ लिहायचे आणि त्याच बांधावर आबांना हरकतीचा अर्ज कसा लिहायचा तेही सांगायचं.

---

केळीचा_खुंट

वकीलसाहेब, हरकतीचा अर्ज दिला की फेरपाहणीला तेच तिघं येतात. बघा बुवा.

पण नानांचं चावडी वाचन मला पटलं. आमच्याकडे यादी ऑनलाइन लागते, तीही पैसे जमा झाल्यावर. तोपर्यंत कुणाचं काय लिहिलंय ते ज्याचं त्याला माहीत.

---

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते सांगते, पटलं नाही तर बोला.

२८ ते ३६ च्या मधली सगळी वावरं पुन्हा मोजायची. ३३ च्या वरचीही, कारण खालचीच मोजली तर ती दया झाली. ३४-३५ वाल्यांतल्या दोन-चार जणांचा आकडा यात खाली येईल आणि मदत राहिली तरी ते मला शिव्या घालतील, हे दिसतंय. या वेळी जागा मी निवडणार नाही. शेतकऱ्याने दोन सांगायच्या, शेजारच्या बांधवाल्याने दोन, एक मी. सगळ्या आकड्यांची सरासरी, ती टिपणं पंचनाम्याला जोडायची. आधीची मोजणी आणि ही, यांत एक आकडा ३३ च्या खाली आणि एक वर आला, तर नानांच्या नियमाने कास्तकाराच्या बाजूने. दोन्ही खाली आले तर खालीच. आतल्या अंगाच्या वावरांपासून सुरुवात.

आबांना फोन केला. म्हणाले, "मोजा, पण माझ्या दोन जागा मी खड्ड्यातल्याच सांगेन." मी म्हटलं सांगा, बांधावरचा धाकटा भाऊ उंचवट्यावरच्या सांगेलच. त्यावर ते इतके हसले की काकूंनी फोन हातातून घेतला.

सुरतच्या मालकांना पोलीस पाटलांच्या घरून फोन लावला. "बघू" म्हणाले. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. त्या बाईंना मी खोटी आशा दाखवलेली नाही.

भाऊसाहेबांना हा धागा वाचायला दिला. पुन्हा मोजायला यायला तयार आहेत. पण गावाच्या वरच्या शिवारात त्यांनी सरसकट ३५ लावलंय, तिथे मी गेले नव्हते आणि माझी सही त्यांना हवी आहे. न बघितलेल्या वावरावर सही करणार नाही म्हटलं तर म्हणाले, मग माझ्या कागदावर वेगळं मत लिहून कागद खराब करू नका.

@काळा_कोट_अमळनेर, वेगळं मत त्याच पंचनाम्यावर लिहावं लागतं, की स्वतंत्र पत्र दिलं तरी चालतं? त्यांच्याशी पुढे कितीतरी वर्षं काम करायचंय, आणि मनाने ते वाईट नाहीत हे मी वर लिहिलंच आहे.

---

काळा_कोट_अमळनेर

स्वतंत्र पत्र चालेल. तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या, प्रत तहसीलदारांना. आवक क्रमांक आणि पोच घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पत्रात तलाठ्यांबद्दल एक शब्द नको. अमुक गट क्रमांकांची मी प्रत्यक्ष पाहणी केलेली नाही, म्हणून त्यांवर सही केलेली नाही, पाहणीसाठी अमुक तारखेला मी उपलब्ध आहे, एवढंच. पाहणीची ही तारीख सोमवारच्या आधीची टाका, म्हणजे उशीर तुमच्यामुळे झाला असं कुणाला म्हणता येणार नाही.

---

निवृत्त_नाना

आणि पत्र द्यायच्या आधी भाऊसाहेबांना वाचून दाखव. घरी जाऊन, चहा घेऊन. त्यांना ते कचेरीत दुसऱ्याकडून कळता कामा नये. शक्य आहे की पत्र वाचल्यावर ते स्वतःच म्हणतील, चल, उद्या सकाळी वरच्या शिवारात जाऊन येऊ. नाही म्हणाले तरी पत्र दे.